माळ्यावरचा हिमालय



तुमच्या घरी माळ्यावर, दिवाणाच्या पोटात किंवा कपाटाच्या अगदी मागच्या कप्प्यात एखादी स्लीपिंग बॅग आहे का? एकदाच वापरलेले ट्रेकिंगचे बूट? गिअरची सायकल, जिच्या हँडलवर सध्या टॉवेल वाळत असतात? मोठ्या हौसेनं घेतलेली दुर्बीण, जी शेवटची कधी डोळ्याला लावली ते आता आठवतही नाही? असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठीच. नसेल, तर शेजारी नक्की असेल. त्यांना पाठवून द्या!

मी भिलाईची. आमचं गाव पाटासारखं सपाट. चढ चढायचा म्हटलं तर गाडी काढून डोंगरगडला जायचं आणि बम्लेश्वरीच्या पायऱ्या मोजायच्या. बर्फ तर हजार किलोमीटरच्या पलीकडे. आणि तरीही माझ्या ओळखीच्या कितीतरी क्वार्टर्समध्ये टांडावर (माळ्याला इथे टांड म्हणतात) हिमालयाची अख्खी तयारी बांधून ठेवलेली आहे. पहाटे सेक्टरच्या रुंद रस्त्यांवर हेल्मेट घातलेले सायकलवाले दिसतात. थंडी पडली की दुर्बीण-कॅमेरावाली मंडळी बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदाच्या तलावांवर पक्षी बघायला निघतात. कुणी कांगेर घाटीला जातं. हौशी लोक आहेत आमच्याकडे, सामानही भरपूर आहे. पण काही घरांत हौस आणि सामान यांची भेट वर्षानुवर्षं होत नाही.

म्हणून या वेळी विचार केला, की लोक हे सामान घेतात का, न वापरता ठेवतात का, आणि विकायची वेळ आली की त्यांचा जीव एवढा खालीवर का होतो, हे जरा खोलात जाऊन बघू या.

आधी घेण्याबद्दल. माझ्या मते याचं कारण अगदी साधं आहे. सहलीला जायला सुट्टी लागते. प्लांटमध्ये तीन पाळ्यांचं काम. बाबांची सुट्टी मंजूर होते तेव्हा मुलाची परीक्षा असते, मुलगा मोकळा असतो तेव्हा आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं. त्यात भिलाई म्हणजे कोचिंगचं गाव, दहावीनंतरची दोन वर्षं तर घरात सहल हा शब्दही काढायचा नाही. पण बूट? बूट मात्र मोबाईलवर बोट टेकवलं की चार दिवसांत दारात. म्हणजे अख्ख्या ट्रेकपैकी एवढाच एक भाग आपल्या हातात असतो, आणि तो आपण लगेच उरकून टाकतो. बूट घरात आले की निम्मा डोंगर चढल्यासारखं वाटतं. या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. कंटाळवाण्या आठवड्यात नव्या बुटांचा वाससुद्धा पुरतो.

गिटार वाजवणाऱ्या लोकांत या सवयीला एक गमतीचं नाव आहे, 'गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम', म्हणजे सामान गोळा करण्याचा आजार. फोटोग्राफीवाल्यांनी ते नाव उचललं, मग सायकलवाल्यांनीही. एक लेन्स आली की दुसरी खुणावते. पक्षी तोच, तलाव तोच, पण आपल्याला वाटतं दहा पटीची दुर्बीण असती तर आज काहीतरी वेगळं दिसलं असतं. (खरं तर नवशिक्याला आठ पटीची बरी. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते.)

घेताना होणारी सगळ्यात नेहमीची गडबड स्लीपिंग बॅगची. पिशवीवर तापमानाचे आकडे छापलेले असतात आणि आपण त्यातला सगळ्यात थंड आकडा बघून खूश होतो. नीट बघा, चांगल्या बॅगवर तीन आकडे असतात. पहिला 'कम्फर्ट', म्हणजे एखादी सर्वसाधारण बाई ज्या तापमानात आरामात झोपू शकेल तो. दुसरा 'लिमिट', ज्यात एखादा पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल तो. आणि तिसरा 'एक्स्ट्रीम', ज्यात माणूस झोपत नाही, फक्त काही तास तग धरतो, आणि तेही अंग गोठण्याचा धोका पत्करून. दुकानदार बऱ्याचदा तिसराच आकडा मोठ्यानं सांगतो. तुम्ही पहिला विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या हिमालय ट्रेकसाठी एवढं सगळं विकत घ्यायची गरजच नसते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या ट्रेकला बेस कॅम्पवर पाठीची सॅक आणि स्लीपिंग बॅग तेच देतात. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ साली सुरू झाली. तिथे बेसिक कोर्सला गेलात तर दोर, बर्फाची कुऱ्हाड, बूट हे सगळं संस्थेच्या स्टोअरमधून सही करून घ्यायचं आणि कोर्स संपला की परत करायचं. मनालीत तर बर्फाचे कपडे आणि बूट भाड्यानं देणारी दुकानं रांगेनं आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही डोंगरांची हौस अशीच वाढली. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची, देशातल्या सगळ्यात जुन्या गिर्यारोहण मंडळांपैकी एक. त्या काळात सामान मिळायचं नाही आणि मिळालं तरी एकट्याच्या खिशाला परवडायचं नाही. मग दोर आणि तंबू मंडळाचे असायचे. जो जाणार तो घेऊन जाणार आणि आल्यावर वाळवून परत ठेवणार. आज प्रत्येकाकडे स्वतःचा तंबू आहे. सोय झाली हे खरंच. पण मंडळाचा तंबू वर्षातून पंधरा वेळा बाहेर पडायचा, आणि आपला पाच वर्षांत एकदा, तोही भाच्याच्या वाढदिवसाला गच्चीवर. २००५ साली केचुआ या फ्रेंच कंपनीनं हवेत फेकला की दोन सेकंदांत उघडणारा तंबू आणला. उघडतो खरंच दोन सेकंदांत. मिटायला किती लागतात ते कुणाच्या तरी गच्चीवर उभं राहून बघाच.

आता ठेवण्याबद्दल. इथे जरा थांबू, कारण खरी गुंतागुंत इथेच आहे.

आमच्या सेक्टरमधले एक काका-काकू. काका प्लांटमधून निवृत्त झाले. क्वार्टर कंपनीचं, म्हणजे आज ना उद्या सोडायचंच. मुलगा नागपूरला, तिथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. तीन दशकांचा संसार आवरायला घेतला आणि टांड रिकामं करायला आम्हा शेजारच्या पोरांना बोलावलं. टांडावरून काय काय निघालं? काकूंची कॅनव्हासची सॅक, त्या नागपूरला कॉलेजात असताना पचमढीच्या शिबिराला गेल्या होत्या तेव्हाची. काकांचा नायलॉनचा दोर, तरुणपणी कड्यावर चढायला शिकायला गेले होते तेव्हाचा. मोठ्या मुलानं उत्तराखंडच्या ट्रेकसाठी घेतलेले बूट, एकदाच घातलेले. एक दुर्बीण. आणि खाली जिन्याखाली अ‍ॅटलस सायकल, जिच्यावर काकांनी अर्धी नोकरी केली.

काकू प्रत्येक वस्तू खाली आली की म्हणायच्या, "हे राहू दे गं, कामी पडते." आणि काका म्हणायचे, "अगं, कधी कामी पडलं ते सांग ना एकदा!" पण सायकल पुढे आली तेव्हा काकांचाही आवाज बदलला. "तिला हात नको लावू, बेटा."

यात हसण्यासारखं काही नाही. रसेल बेल्क नावाच्या अभ्यासकानं १९८८ साली एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा सूर असा, की आपल्या वस्तू म्हणजे आपल्या 'मी'चाच पसरलेला भाग असतो. ती सॅक म्हणजे काकूंची चोविसाव्या वर्षीची पाठ. ज्या बाईला आज गुडघ्यांमुळे जिना जपून उतरावा लागतो, ती एकदा पंधरा किलो वजन घेऊन सातपुड्यात चालली होती, याचा घरातला एकमेव पुरावा. अशी वस्तू ठेवावी. माझं मत विचाराल तर जरूर ठेवावी, आणि टांडावर ठेवू नये, दिसेल अशी ठेवावी.

बुटांची गोष्ट वेगळी. ते कुणाच्याच आठवणीचे नव्हते. ते टांडावर राहिले कारण "सात हजारांचे आहेत". १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोन संशोधकांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता. समजा तुम्ही मिशिगनच्या स्कीइंग सहलीचं १०० डॉलरचं तिकीट काढलं आणि नंतर विस्कॉन्सिनच्या सहलीचं ५० डॉलरचं. दुसरी सहल जास्त मजेची होईल असं तुम्हालाच वाटतंय. मग लक्षात आलं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी १०० डॉलरची, म्हणजे कमी मजेची सहल निवडली. पैसे तर दोन्हीकडचे गेलेलेच होते! गेलेल्या पैशाला आपण असं घट्ट धरून बसतो. बूट ठेवले की सात हजार अजून घरातच आहेत असं वाटत राहतं.

पण ते घरात नसतात. आणि आजच्या लेखातली माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची माहिती हीच आहे, म्हणून नीट वाचा. हे सामान नुसतं ठेवलं तरी मरतं.

ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचं मऊ प्लास्टिक असतं. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि हळूहळू त्याची वीण तोडतो. उष्णता असेल तर हे काम आणखी भराभर होतं. गंमत म्हणजे घालून चालत राहिलात तर ते जास्त टिकतं, डब्यात बंद ठेवलं तर लवकर भुगा होतो. आता आमच्या टांडाचा विचार करा. वर सिमेंटचा स्लॅब, मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, आणि पाठोपाठ चार महिने पावसाळ्याची ओल. एवढी सोय तर प्रयोगशाळेतही करावी लागली नसती. काकांच्या टांडावरून मुलाचे बूट खाली आले तेव्हा वरून नवेकोरे दिसत होते. मी सोल वाकवून पाहिला तर तो शिळ्या केकसारखा तुटून हातात आला. घरीच तुटला ते बरं झालं. डोंगरात चार तासांच्या वाटेवर तुटला असता तर?

तंबूच्या कापडाला आतून पाणी अडवणारा थर असतो, तोही अशाच कारणानं चिकट होतो आणि आंबूस वास मारू लागतो. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवली की आतला कापूस किंवा पिसं दबून जातात आणि ऊब कमी होते. ती मोकळी टांगावी नाहीतर जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवावी. दुर्बिणीला ओलाव्यात बुरशी धरते, काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी. तिला चामड्याच्या पेटीत डांबून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. हेडलॅम्पमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. आणि छोट्या शेगडीचा गॅसचा डबा असेल तर तो आजच टांडावरून खाली घ्या. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

राहिला दोर. काकांना वाटत होतं की कुण्या होतकरू पोराला तो द्यावा, फुकट. मन मोठं आहे काकांचं. पण कड्यावर चढायचा दोर, हार्नेस आणि हेल्मेट या तीन गोष्टी कुणाला देऊही नयेत आणि कुणाकडून जुन्या घेऊही नयेत. दोर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या सांगतात, की न वापरलेला दोरसुद्धा साधारण दहा वर्षांनी बाद समजा. शिवाय नायलॉनचं आम्लाशी वैर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं आम्ल किंवा त्याची वाफ लागली तर दोर आतून कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कित्येक घरांत इन्व्हर्टर आणि अडगळ एकाच कोपऱ्यात असतात, हे लक्षात घ्या. काकांच्या दोराचे आम्ही कात्रीनं दोन-दोन मीटरचे तुकडे केले, म्हणजे पुन्हा कुणी त्यावर चढणार नाही. सामान बांधायला ते झकास कामी आले. काकूंनी लगेच ऐकवलं, "पाहा, कामी पडलंच ना!"

आता विकण्याकडे वळू. हे काम सगळ्यात अवघड, आणि त्यात पैशाचा वाटा वाटतो तेवढा मोठा नसतो.

डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली एक प्रयोग छापला. अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले आणि विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तोच, पण ज्यांच्या हातात होता त्यांनी जवळजवळ दुप्पट किंमत मागितली. हातात येऊन फार वेळही झाला नव्हता! काहनेमन यांना पुढे २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मगाचं हे, तर ज्या दुर्बिणीतून पहिल्यांदा नीलपंख बघितला तिचं काय होत असेल? म्हणून ऑनलाइन जाहिरातींत "फक्त दोनदा वापरलेली, किंमत पक्की" असं लिहिलेल्या वस्तू महिनोन् महिने तशाच पडून असतात. विकणारा आठवणीची किंमत लावतो आणि घेणारा टायर दाबून बघतो.

सायकलींचंच बघा. २०२० मध्ये लॉकडाऊन उठू लागला तशी देशभर सायकलींना एवढी मागणी आली, की दुकानांत नंबर लावावा लागला. नशीब कसं असतं, त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्या लाटेत घेतलेल्या गिअरच्या सायकली नंतर ऑफिसं आणि शाळा सुरू झाल्या तशा जिन्याखाली गेल्या. आज जुनी पण चांगली सायकल घ्यायची असेल तर अशीच शोधा. टायरला तडे गेलेत का, ब्रेकची रबरं कडक झालीत का, साखळी सैल झालीय का, एवढं बघा. हे बदलायला फार खर्च येत नाही. सांगाडा वाकलेला असेल तर मात्र हात जोडून परत या.

विकायला लोक का कचरतात, हे मला काकांच्या दुर्बिणीनं शिकवलं. पैशाची त्यांना गरज नव्हती. एक नववीतला मुलगा आला, त्याला शाळेतल्या सरांबरोबर गिधव्याला जायचं होतं. काकांनी आधी चार हजार सांगितले. मुलाचा चेहरा पडला. मग काका त्याला अंगणात घेऊन गेले. समोरच्या गुलमोहरावर काय बसलंय ते विचारलं. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे कशा सरकवायच्या, उजव्या डोळ्याची काच वेगळी कशी जुळवायची, ते दाखवलं. अर्धा तास गेला. परत आले तेव्हा किंमत बाराशेवर आली होती आणि काका स्वतःच कापडाची पिशवी शोधत होते. काकू हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "चार हजार कशाचे होते माहीत आहे का? आता आपण गिधव्याला जाणार नाही, हे कबूल करण्याचे."

मला हे पटलं. बूट विकले की डोंगर गेला, सायकल विकली की तरुणपण गेलं, असं आतून वाटतं. म्हणून माणूस भाव वाढवून सांगतो, म्हणजे कुणी घेणारच नाही आणि निर्णय पुढे ढकलला जाईल. तुमच्या घरातलं कुणी असं करत असेल तर त्यांच्याशी भावावरून वाद घालू नका. घेणाऱ्याला घरी बोलवा आणि दोघांना थोडा वेळ बोलू द्या. वस्तू कुठे जाणार हे कळलं की हात आपोआप सैल होतो. आणि हो, विकायचंच असेल तर वस्तू जिवंत आहे तोवर विका. दहा वर्षं सांभाळून कबाडीवाल्याला किलोच्या भावानं देण्यापेक्षा तिसऱ्याच वर्षी एखाद्या कॉलेजच्या पोराला निम्म्या किमतीत द्या, तो पुढच्या पावसाळ्यात ती घेऊन भिजेल तरी.

अ‍ॅटलस सायकलचं काय झालं, विचाराल. ती विकली नाही. नागपूरच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, म्हणून काकांकडे सकाळी दूध घालणाऱ्या भाऊंच्या मुलाला दिली. तो पॉवर हाऊसला कामाला जातो. दिवाळीत काका भिलाईला येतील तेव्हा एक चक्कर मारायला द्यायची, एवढी एकच अट.

सामानाचा ट्रक निघाला त्या दिवशी काकूंची कॅनव्हासची सॅक मात्र ट्रकमध्ये चढली नाही. ती त्यांनी रेल्वेत स्वतःबरोबर नेली, आत लोणच्याच्या बरण्या आणि प्रवासाचे डबे भरून. पट्टे मी नव्यानं शिवून दिले होते. गुडघे बरे असले तर हिवाळ्यात रामटेकचा गड तीच पाठीला लावून चढणार आहेत म्हणे. काका म्हणाले, "पायऱ्या आहेत तिथे, ट्रेक नाही तो." काकूंनी लक्षच दिलं नाही.